यादी दिसते, पण उघडत नाही: एका इंट्रानेटवरच्या तुटक्या लिंकांचं प्रकरण

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. आंबिया बहारातल्या केळीचा फळपीक विमा भरायची मुदत महिनाअखेरीला संपते, त्यामुळे त्या दिवसांत चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या आमच्या शाखांसमोर सकाळपासून रांग असते. साडेदहाच्या सुमाराला चोपडा शाखेतल्या ताईंचा फोन आला. ‘भाऊ, यादीनं नाव दिखस, पन यादी उघडत नही.’

मी जळगावच्या मुख्य कार्यालयातून आमच्या इंट्रानेटवरचं, म्हणजे संस्थेच्या आतल्या संकेतस्थळावरचं, तालुकावार शेतकरी याद्यांचं तेच पान उघडलं. रावेरची यादी उघडली. यावलची उघडली. चोपड्यावर टिचकी मारली की ४०४, म्हणजे सर्व्हरच्या मते त्या पत्त्यावर काहीच नाही. पण सर्व्हरच्या फोल्डरमध्ये फाइल समोर दिसत होती. नाव अक्षर न् अक्षर तेच: ‘शेतकऱ्यांची यादी’, पुढे तालुक्याचं नाव आणि वर्ष. ताईंनी त्या सकाळी ती पाच वेळा पुसून पुन्हा चढवली होती. आपणच नाव चुकीचं टाइप करतोय असं त्यांना वाटत होतं, म्हणून प्रत्येक वेळी एकेक अक्षर सावकाश बघून त्या ते लिहीत होत्या.

त्या दिवशी यादी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली आणि रांग पुढे सरकली. पण एका लिंकमुळे शेतकरी तासभर ताटकळतो आणि शाखेतला माणूस स्वतःला दोष देत बसतो, हे मला सहन झालं नाही. दिवाळीनंतर आम्ही इंट्रानेटवरच्या सगळ्याच लिंका तपासायला घेतल्या. पुढे लिहिलंय ते त्याच कामाबद्दल आहे. संस्थेचं नाव देत नाही. सहकारातली, शेतकऱ्यांना कर्ज आणि निविष्ठा देणारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शाखा असलेली संस्था, एवढं पुरे.

आमचं इंट्रानेट २०११ साली विंडोज सर्व्हरवर सुरू झालं. परिपत्रकं, अर्जांचे नमुने, तालुकावार याद्या, सभांची इतिवृत्तं, रजेचा अर्ज असं सगळं त्यावर. विंडोज सर्व्हर २००८ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. पुढच्या वर्षी आम्ही सगळं लिनक्सवर, अपाची नावाच्या वेब सर्व्हरवर हलवलं. ते काम मीच केलं होतं. पुढे जे सापडलं त्यातलं बरंचसं त्या स्थलांतरात तुटलेलं होतं.

लिंक तपासणारी तयार साधनं बरीच आहेत. विंडोजवर झेनू नावाचं जुनं साधन अजून चालतं, लिनक्सवर लिंकचेकर आहे, डब्ल्यूगेटलाही फाइल न उतरवता फक्त पत्ता आहे का ते बघायला सांगता येतं. आम्ही लिंकचेकर घेतलं, रात्री दहाला चालू केलं आणि सकाळी साडेचार हजार ओळींची यादी हातात आली. ती कुणाला द्यावी हेच कळेना. वरवर चाळल्यावर दिसलं की त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि जे खरोखर तुटलंय त्यातलं बरंच तिच्यात आलेलंच नाही.

खोटं कुठून आलं, ते आधी सांगतो. साधन प्रत्येक लिंकवर जातं, तसं ते ‘बाहेर पडा’ या लिंकवरही गेलं. लॉगिन संपलं. त्यानंतर मागितलेल्या प्रत्येक पानाच्या जागी सर्व्हरने लॉगिनचं पान दिलं, आणि तेही २०० या क्रमांकासह, म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ असं सांगत. साधनाने ते मान्य केलं. म्हणजे एका टिचकीनंतरची अख्खी रात्र वाया गेली होती. हजेरीच्या कॅलेंडरवर ‘पुढचा महिना’ अशी लिंक होती, ती कधी संपतच नाही. साधन थेट पुढच्या शतकात जाऊन पोचलं होतं. रजेचा अर्ज ‘हेड’ विनंतीला ४०५, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’, असं उत्तर देत होता. हेड म्हणजे फाइल न देता फक्त तिची माहिती द्या, असं सर्व्हरला सांगणं. जुन्या प्रोग्रामना ते समजत नाही, पण माणसाने साधी टिचकी मारली की पान व्यवस्थित उघडतं. पहाटे दोनला बॅकअप सुरू होतो, तेव्हाचे ५०३, म्हणजे ‘सर्व्हर आत्ता उपलब्ध नाही’, ते वेगळेच.

म्हणून नियम बदलले. ‘बाहेर पडा’ आणि ‘काढून टाका’ या लिंकांना हातच लावायचा नाही. काढून टाकायचं काम साध्या लिंकवर ठेवणं हीच मुळात चूक आहे, कारण तपासणारं साधन त्या लिंकवर गेलं तर खरोखरची नोंद पुसली जाते. आमच्याकडे अशा दोन लिंका निघाल्या आणि त्या त्याच दिवशी बटणावर हलवल्या. हेडला विचित्र उत्तर आलं तर साधी विनंती करून बघायचं. ५०० च्या घरातलं उत्तर किंवा वेळ संपल्याचा निरोप आला तर लगेच तुटकी म्हणायचं नाही. दुपारी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारायचं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं तरच नोंदवायचं.

इंट्रानेटचा आणखी एक प्रश्न बाहेरच्या संकेतस्थळांना सहसा पडत नाही: लिंक तुटकी आहे, पण कुणासाठी? माझ्या लॉगिनने सगळं उघडतं. शाखेतल्या लेखनिकाच्या लॉगिनने तीच फाइल ४०३ देते. फाइल आहे, तिला परवानगी नाही. आम्ही तपासणी तीन लॉगिननी वेगवेगळी चालवली: मुख्य कार्यालय, शाखाधिकारी आणि लेखनिक. ज्या लिंका पहिल्याला उघडतात आणि तिसऱ्याला उघडत नाहीत त्यांचा वेगळा गठ्ठा केला. त्यातल्या काही बरोबरच बंद होत्या, पगारपत्रकासारख्या. तिथे परवानगीला हात लावला नाही, लेखनिकाच्या पानावर ती लिंक दिसणंच बंद केलं. पण नवीन विमा परिपत्रकांचा अख्खा फोल्डर शाखांना बंद होता, आणि आपल्याला ते बघायचा अधिकारच नाही असं समजून कुणी विचारलंही नव्हतं.

वर्गीकरण कशाच्या आधारावर करायचं यावर कार्यालयात बरीच चर्चा झाली. साधन क्रमांकाने गट पाडतं: ४०४ इतके, ४०३ इतके, ५०० इतके. मला ते पटत नव्हतं. एकाच ४०४ मागे सहा कारणं असतात आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळा माणूस करतो. शेवटी प्रत्येक लिंकसमोर दोन रकाने ठेवले: का तुटली, आणि कुणी जोडायची. क्रमांक तिसऱ्या रकान्यात गेला, पुरावा म्हणून.

असं मांडल्यावर साडेचार हजारांचा डोंगर भराभर खचला. खऱ्या तुटलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लिंकांचं कारण एकच होतं. २०११ ते २०२१ मध्ये लिहिलेल्या पानांत जुन्या सर्व्हरचं नाव किंवा त्याचा आयपी क्रमांक, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, थेट लिहिलेला होता. पानं एकेक करून सुधारायला महिने गेले असते, शिवाय त्या लिंका वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींतही होत्या. नावासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, एक ओळ घातली, की जुनं नाव विचारलं तरी नवा सर्व्हर सापडावा. क्रमांकासाठी जुना आयपी नव्या सर्व्हरला दुसरा पत्ता म्हणून दिला. तिथे आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवायचं होतं, पण पहिले पंधरा दिवस ३०२ ने, म्हणजे तात्पुरतं म्हणून पाठवलं. ३०१ हे कायमचं वळण ब्राउझर लक्षात ठेवतो. त्यात आपली चूक झाली तर ती तीस-चाळीस संगणकांत जाऊन बसते आणि सर्व्हरवर दुरुस्त करूनही जात नाही.

इंग्रजी अक्षरांची लहान-मोठी भानगड अनेकांना माहीत असेल. विंडोज ‘फॉर्म’चं पहिलं अक्षर कॅपिटल आहे की नाही बघत नाही, लिनक्स बघतं. अपाचीला ही चूक आपोआप सांभाळून घेणारं मॉड्यूल आहे आणि ते मी काही दिवस लावलंही. पण कायम ठेवलं नाही. अंदाजाने सापडलेली फाइल बरोबरच असेल याची खात्री मला हवी होती. सगळी इंग्रजी नावं लहान अक्षरांत करून घेतली आणि लिंका त्याप्रमाणे बदलल्या. दोन दिवसांचं काम.

‘झेड ड्राइव्ह’च्या लिंकांनी जास्त वेळ घेतला, कारण त्या कुठल्याच यादीत आल्या नव्हत्या. पूर्वी शाखांतल्या संगणकांवर सर्व्हरचा एक फोल्डर झेड या अक्षराने जोडलेला असे, आणि पानांवर त्याच्याच लिंका दिल्या होत्या. इंटरनेट एक्स्प्लोरर अंतर्गत पानांवरून अशा लिंका उघडू देई. त्याच्या अकराव्या आवृत्तीचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला, शाखा क्रोमवर गेल्या, आणि क्रोम वेबपानावरून संगणकाच्या फोल्डरातली फाइल उघडू देत नाही. चूकही दाखवत नाही. टिचकी मारा, काहीच होत नाही. अशी टिचकी सर्व्हरपर्यंत पोचतच नसल्याने सर्व्हरच्या नोंदींत तिचा मागमूस नसतो. त्या शोधायला पानांचा मजकूरच वाचावा लागला आणि ज्या पत्त्याची सुरुवात ‘फाइल’ने किंवा ड्राइव्हच्या अक्षराने होते तो बाजूला काढावा लागला. वर्डच्या नव्या फाइली प्रत्यक्षात झिप असतात आणि बाहेरच्या लिंका आत एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये नोंदलेल्या असतात; पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेल्या पन्नासेक ओळींनी त्याही वाचून काढल्या.

आता चोपडा.

फाइल आहे, नाव तेच दिसतंय, तरी ४०४. मी दोन्ही नावं, लिंकमधलं आणि फोल्डरमधलं, एकाखाली एक ठेवून बघितली. काहीच फरक नाही. मग नुसता ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घेऊन त्याचे बाइट मोजले. फोल्डरमधल्या शब्दाचे ३३ भरले, लिंकमधल्या शब्दाचे ३६. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. म्हणजे लिंकमध्ये कुठेतरी एक चिन्ह जास्त होतं, आणि ते डोळ्याला दिसत नव्हतं.

ते होतं ‘ऱ्या’मध्ये. मराठी वाचणाऱ्याला हा अर्धा र ओळखीचा आहे: शेतकऱ्या, दुसऱ्या, सुऱ्या. ‘सूर्य’ मधल्या रफारापेक्षा तो वेगळा लिहितो आणि वेगळा उच्चारतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र तो लिहायच्या निदान तीन वाटा आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी, साधा र (०९३०), त्याला नुक्ता म्हणजे खालचा टिंब (०९३सी), मग हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त, आणि त्यामागे २००डी क्रमांकाचं शून्य रुंदीचं जोडचिन्ह, जे स्वतः दिसत नाही पण र ला रफार होऊ देत नाही. तिन्ही वाटांनी पडद्यावर आणि कागदावर एकच ‘ऱ्या’ उमटतो. सर्व्हर बाइट जुळवतो. त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावं.

यादीचं पान तालुक्याच्या नावावरून लिंक आपोआप तयार करायचं. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे शब्द त्या पानाच्या साच्यात २०११ साली जोडचिन्हाच्या वाटेने लिहिले गेले होते. तेव्हा शाखांतही टायपिंगची तीच पद्धत होती, म्हणून फाइलींची नावं जुळत. रावेर-यावलला आजही जुनेच लोक त्याच सवयीने लिहितात. चोपड्याच्या ताई त्या वर्षीच रुजू झाल्या होत्या आणि त्यांनी इन्स्क्रिप्ट कळपाट शिकून घेतलेला. त्यात शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की थेट ऱ येतो. त्या लिहीत होत्या ते शुद्ध आणि सरळ मराठी होतं. पाचही वेळा.

युनिकोडमध्ये अशा नावांना एकरूप करायचा ठरलेला नियम आहे, पण तो पहिल्या दोन वाटाच एकत्र आणतो. र अधिक नुक्ता मिळून ऱ होतो. जोडचिन्हाचा र तसाच राहतो. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला अॅ आणि २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र ॲ, यांनाही तो नियम एक मानत नाही, ‘ॲडव्हान्स’, ‘ॲग्रो’ अशा नावांच्या आमच्या फाइली त्यातच अडकल्या होत्या. त्यामुळे तयार नियमाच्या पुढे आणखी दोन बदल आम्ही स्वतः जोडले. मग सर्व फाइलींची आणि सर्व लिंकांची नावं एकरूप करून पुन्हा जुळवली. आधी तुटक्या दिसलेल्या पण आता फाइल सापडणाऱ्या लिंकांचा गठ्ठा वेगळा काढला, आणि त्याचं नावच ‘ऱ’ ठेवलं. त्यात अकरा तालुक्यांच्या फाइली होत्या.

बैठकीत एक सूचना आली की मराठी नावंच बंद करू, सगळ्या फाइली इंग्रजी अक्षरांत ठेवू. मी विरोध केला आणि आजही तेच म्हणेन. शेतकऱ्यांची यादी शोधणाऱ्याला ती ‘शेतकऱ्यांची यादी’ याच नावाने सापडली पाहिजे. आम्ही फाइल चढवायच्या फॉर्ममध्ये एकरूप करणारा टप्पा घातला, म्हणजे कुठल्याही कळपाटावर लिहिलं तरी साठवताना एकच रूप राहतं. लिंक मात्र नावावरून न करता प्रत्येक फाइलला दिलेल्या कायमच्या क्रमांकावरून करायची ठरवली. वाचणाऱ्याला नाव दिसतं, सर्व्हर क्रमांक बघतो.

मराठी नावांचाच दुसरा गुंता जास्त दुःखद निघाला. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली साठवायच्या पद्धतीत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ चिन्हांची. लिनक्सच्या ईएक्सटी४ या पद्धतीत ती २५५ बाइटची. देवनागरीत तीन बाइटच्या हिशोबाने ती पंच्याऐंशी चिन्हांवर येते, मधल्या मोकळ्या जागांमुळे थोडी वाढते. काना, मात्रा, अनुस्वार, सगळी वेगळी चिन्हं. आमच्या जुन्या इतिवृत्तांना ठरावाचा अख्खा विषय नाव म्हणून दिलेला असे. स्थलांतराच्या वेळी अशा फाइली उतरल्याच नाहीत. नकल करणाऱ्या प्रोग्रामने ‘नाव फार लांब’ असं प्रत्येकीबद्दल नोंदवलं होतं. हजारो ओळींची ती नोंद मी शेवटपर्यंत वाचली नव्हती. जुन्या सर्व्हरची डिस्क कपाटात जपून ठेवलेली होती म्हणून बहुतेक फाइली परत मिळाल्या.

नंदुरबारचं प्रकरण वेगळं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीची शहादा, तळोदा, नवापूरची स्कॅन केलेली कागदपत्रं ‘धुळे’ फोल्डरमध्ये होती, कारण कागदावर जिल्हा धुळेच होता. कुणीतरी चांगल्या हेतूने ती ‘नंदुरबार’मध्ये हलवली, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या लिंका एका दुपारी तुटल्या. ती परत नेली नाहीत. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळण दिलं.

बाहेरच्या लिंकांवर आपला ताबा नसतो, पण शासन निर्णयांच्या बाबतीत एक चांगला आधार निर्णयातच असतो. शेवटच्या परिच्छेदात त्याचा संकेतांक दिलेला असतो आणि त्या लांबलचक आकड्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी संकेतांक बदलत नाही. आता आम्ही लिंकशेजारी संकेतांक लिहितो आणि निर्णयाची एक प्रत स्वतःकडे ठेवतो.

मला सर्वांत जास्त काळजी होती ती २०० देणाऱ्या तुटक्या लिंकांची. त्या पकडायला सर्व्हरला मुद्दाम एक अस्तित्वात नसलेला पत्ता विचारला आणि तो काय पान देतो ते जपून ठेवलं; ज्या लिंकचं उत्तर त्याच्याशी किंवा लॉगिनच्या पानाशी जुळतं ती तुटकी. लिंक पीडीएफची असेल तर आलेल्या फाइलची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी व्हायला हवी. नसेल तर आत भलतंच काहीतरी आहे. शून्य बाइटच्या फाइलीही अशाच सापडल्या. पण एक प्रकार या सगळ्यातून निसटतो. लिंकवर यंदाचे विमा दर असं लिहिलंय आणि उघडते ती तीन वर्षांपूर्वीची फाइल. यंत्राच्या लेखी ती उत्तम चालते. शाखेतला माणूस मात्र त्यावरून शेतकऱ्याला चुकीचा हप्ता सांगतो. लिंकच्या शब्दांतलं वर्ष आणि फाइलमधलं वर्ष जुळत नाही अशा लिंका पायथनने वेगळ्या काढल्या. पुढे दोन माणसांनी बसून त्या एकेक उघडून बघितल्या. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आधी काय दुरुस्त करायचं, हे सर्व्हरच्या नोंदींनी ठरवलं. प्रत्येक ४०४ सोबत तो माणूस कुठल्या पानावरून आला, तेही तिथे लिहिलेलं असतं. हजारो तुटक्या लिंकांपैकी बहुतेकांवर वर्षभरात कुणी गेलेलंच नव्हतं. आणि काहींवर एकाच दिवशी, एकाच शाखेतून, काही मिनिटांच्या अंतराने दहा-बारा टिचक्या होत्या. चोपड्याची ती सकाळ त्यात होती. पारोळ्याची, शिरपूरची, साक्रीची अशीच होती, आणि तिथून आम्हाला कुणी फोन केला नव्हता. पहिल्या आठवड्यात आम्ही फक्त याच लिंका दुरुस्त केल्या.

आता तपासणी दर रविवारी रात्री तिन्ही लॉगिननी चालते, बॅकअपची वेळ सोडून. सोमवारी सकाळी प्रत्येक शाखेला फक्त तिने जोडायच्या लिंका जातात, कारणासकट, मराठीत. चोपड्याची यादी पुढच्या ऑक्टोबरला पहिल्या टिचकीत उघडली.

लांब नावांच्या चौदा फाइली जुन्या डिस्कवरही मिळाल्या नाहीत. त्या सगळ्या शहादा शाखेच्या जुन्या इतिवृत्तांच्या आहेत. पानावर त्यांची नावं ठेवली आहेत, लिंक काढली आहे, आणि समोर लिहिलं आहे: मूळ कागद शहादा शाखेत, लोखंडी कपाट, वरचा कप्पा. तिथले नाना आठवड्याला एक स्कॅन करून पाठवतात. सहा आल्या, आठ बाकी आहेत.